वर्तन कुणाचं बदलायचं?

आपल्यापैकी अनेक संस्था-संघटनांकडे एका ठरावीक प्रकारची पत्रं येत असतात. एखादं परदेशी विद्यापीठ, आपल्याकडची एखादी नामवंत संशोधन संस्था आणि पैसे देणारी एखादी देणगीदार संस्था अशा तिघी मिळून ‘आरोग्यविषयक वर्तनबदल’ या विषयावर सहयोगी संशोधन करणार असतात. त्यांना गावं हवी असतात, वस्त्या हव्या असतात, आणि त्या वस्त्यांतली दारं ज्यांच्यासाठी उघडतात अशा कार्यकर्त्या हव्या असतात. पत्राची भाषा नम्र असते. भागीदारी, सहभाग, सक्षमीकरण हे आपलेच शब्द त्यात आलेले असतात. दोन-तीन वर्षांच्या कामाचे पैसे मिळणार असतात, आणि पैशाची ओढाताण कुठल्या संघटनेला नसते?

होकार द्यायचा की नकार, हा निर्णय बहुतेक वेळा घाईत होतो. म्हणून अशा संशोधनाकडे चळवळ म्हणून कसं बघायचं याचा एकदा तरी सावकाश विचार करायला हवा. माझं म्हणणं थोडक्यात असं : कुणी बदलायचं आणि काय बदलायचं हे आधीच ठरून गेलेलं असतं आणि बाईच्या वाट्याला फक्त बदलण्याचं काम उरतं, अशा संशोधनाला आपण भागीदारी म्हणू नये. मात्र प्रश्न ठरवण्यातच जिथे बायकांचा वाटा असतो, तिथे तशाच विद्यापीठांच्या, तशाच शास्त्रीय पद्धतीतून मोलाचं काम उभं राहिलेलं आहे. दोन्ही गोष्टींना पुरावा आहे.

आधी ‘वर्तनबदल’ या शब्दाकडे बघू. हात साबणानं धुवावेत, लोहाच्या गोळ्या न चुकता घ्याव्यात, बाळंतपण दवाखान्यात करावं, बाळाला सहा महिने फक्त अंगावर पाजावं, चुलीचा धूर टाळावा, पाळणा लांबवावा. यातली एकही गोष्ट वाईट नाही. आपणही शिबिरांमधून हेच सांगत आलो आहोत. पण ही यादी पुन्हा वाचा. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बदलणारी व्यक्ती एकच आहे, घरातली बाई. गोळ्या उपकेंद्रावर संपलेल्या का असतात, बाळंतिणीच्या अंगावर दवाखान्यात का ओरडलं जातं, पाण्याचा हंडा पुरुषाच्या डोक्यावर का दिसत नाही, नळपाणी योजना कागदावर का राहते? हेही कुणाचं तरी वर्तनच आहे. डॉक्टरचं आहे, नवऱ्याचं आहे, इंजिनिअरचं आहे, पुढाऱ्याचं आहे. त्यांच्या वर्तनबदलासाठी प्रश्नावल्या क्वचितच छापल्या जातात.

रक्तपांढरीचंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ साली देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५३ टक्के स्त्रियांना रक्तपांढरी होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ५७ टक्के झालं. महाराष्ट्रात ते ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. याच वयाच्या पुरुषांमध्ये देशभरातलं प्रमाण २५ टक्के आहे. पाळी आणि बाळंतपणं हे या फरकाचं एक कारण आहेच. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवायचं, हेही कारण आहे आणि ते आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. तिला गोळी घेण्याची आठवण कशी करून द्यावी यावर संशोधन होतं. ताटं कोणत्या क्रमानं वाढली जातात, तो क्रम कसा बदलावा, यावर किती होतं?

हा प्रकार आजकालचा नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहकार्यानं पंजाबातल्या गावांमध्ये संततिनियमनाचा मोठा अभ्यास केला. ‘खन्ना अभ्यास’ म्हणून तो ओळखला जातो. काही गावांत संततिनियमनाच्या गोळ्या वाटायच्या, काही गावांत वाटायच्या नाहीत, आणि जन्मदराची तुलना करायची, अशी योजना होती. कार्यकर्ते घरोघर जात, बोलत, नोंदी करत. लोक गोळ्या घेत होते, नाही म्हणत नव्हते. कागदावर स्वीकार चांगला दिसत होता. जन्मदर मात्र त्या गोळ्यांनी हलला नाही. पुढे १९६९ साली संशोधक पुन्हा त्या गावांत गेले. जन्मदर थोडा उतरला होता, पण तो मुख्यतः मुलींची लग्नं पूर्वीपेक्षा उशिरा होऊ लागल्यामुळे.

मूळचे युगांडाचे अभ्यासक महमूद ममदानी त्यानंतर त्यातल्या एका गावात गेले, लोकांशी बोलले आणि १९७२ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. गावकऱ्यांनी त्यांना सांगितलं की इतकी भली माणसं लांबून येतात, घरी बसून बोलतात, त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून गोळ्या घेतल्या. घेतल्या म्हणजे हातात घेतल्या. एका गृहस्थानं तर गोळ्यांचे डबे-बाटल्या एकावर एक रचून घराच्या कोपऱ्यात शोभेची वस्तू केली होती. शेतात राबायला हात हवेत, म्हातारपणी आधार हवा, अशा परिस्थितीत कमी मुलं हा गरिबाला तोट्याचा व्यवहार होता. लोक अडाणी नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा होता. हिशेब विचारायचा मात्र राहून गेला होता.

ममदानींचा भर शेतकरी कुटुंबाच्या हिशेबावर होता. आपण त्यापुढे एक पाऊल जायला हवं. कुटुंबाचा हिशेब आणि बाईचा हिशेब एकच असतो असं नाही. नवव्या महिन्यात भाताची लावणी करणारीला काय हवं होतं, हे हार्वर्डनं विचारलं नाही तसं तिच्या घरातही कुणी विचारत नाही. आणि लग्नाचं वय वाढल्यावर जन्मदर उतरला, हा त्या अभ्यासातला निष्कर्ष आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. गोळ्यांच्या प्रचारानं जे साधलं नाही ते मुलीचं आयुष्य थोडंसं बदलल्यानं साधलं.

आता अलीकडचं उदाहरण. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन ही संस्था आणि बंगळूरचं सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूट यांनी मिळून आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांमध्ये हात धुण्याच्या सवयीवर प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आला. या मोहिमेचं नाव ‘सुपरअम्मा’. जंतू, जुलाब, रोगराई अशी भीती घालायची नाही, तर किळस आणि मायेची भावना यांना हात घालायचा, अशी कल्पना होती. नाटुकली होती, चित्रफीत होती, घाणेरड्या हातांनी लाडू वळणारं एक विनोदी पात्र होतं. आणि मुलाला चांगल्या सवयी लावणारी, त्याचं भविष्य घडवणारी आदर्श आई होती. गावातल्या बायकांनी सर्वांसमक्ष हात धुण्याची प्रतिज्ञा घेतली.

परिणाम दिसला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. सुरुवातीला शौचाहून आल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी अशा मोक्याच्या वेळी साबणानं हात धुण्याचं प्रमाण जेमतेम १ टक्का होतं. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत ते ३७ टक्के झालं, तुलनेच्या गावांत ६ टक्के. पुढे तुलनेच्या गावांनाही मोहिमेची छोटी आवृत्ती दिली गेली, आणि वर्षअखेर दोन्हीकडे प्रमाण २९ टक्के दिसलं. कंटाळवाण्या भाषणांपेक्षा हे किती तरी बरं होतं. आपल्या पथनाट्यांनी त्यातून शिकावं असंही बरंच आहे.

तरीही ‘सुपरअम्मा’ या शब्दाशी आपण थांबलं पाहिजे. पहाटे उठून पाणी भरणारी, चूल पेटवणारी, शेतावर जाणारी बाई आधीच काय कमी ‘सुपर’ होती? आता तिनं आणखी एक काम अंगावर घ्यायचं आणि त्यात चूक झाली तर आई म्हणून कमी पडायचं. साबण कुणाच्या पैशानं येतो, हात धुवायचं जास्तीचं पाणी कोण आणतं, आणि सुपरअप्पा कुठे आहेत? मायेला हात घालून काम करून घेण्याची ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. घरातही तीच वापरली जाते. शास्त्रानं ती सिद्ध केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. शिवाय या प्रयोगात हात किती वेळा धुतले ते मोजलं गेलं. त्यामुळे मुलांचे जुलाब किती कमी झाले हे मोजणं हा त्याचा भाग नव्हता.

ते मोजण्याचे फार मोठे प्रयोग नंतर झाले. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी स्थानिक संस्थांबरोबर बांगलादेशात ५,५५१, केनियात ८,२४६ आणि झिम्बाब्वेत ५,२८० गरोदर स्त्रियांना सामील करून घेतलं. काही ठिकाणी पाण्यात क्लोरीन, काही ठिकाणी सुधारलेले संडास, काही ठिकाणी हात धुण्याचा प्रचार, काही ठिकाणी बाळाला पूरक आहार. बांगलादेश आणि केनियाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आणि झिम्बाब्वेचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पूरक आहारानं मुलांची वाढ थोडी सुधारली. पाणी-संडास-साबणाच्या घरगुती उपायांनी मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. जुलाबही फक्त बांगलादेशात कमी झाले. यानंतर संशोधकांनीच म्हटलं की घराघरातल्या असल्या स्वस्त उपायांनी भागणार नाही, सगळा परिसर स्वच्छ होईल अशी खूप मोठी सुधारणा लागेल.

हे वाचून आपल्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला नवल वाटणार नाही. गटार उघडं, नळाला चार दिवसांनी तासभर पाणी, उकिरडा दाराशी, आणि त्यात तिनं एकटीनं घासून-पुसून, उकळून-गाळून रोगराई हटवायची! या हजारो बायका वर्षानुवर्षं सांगितलेलं करत राहिल्या. अपुरं पडलं ते त्यांचं वर्तन नव्हतं, तर व्यवस्थेनं घातलेली रक्कम अपुरी होती. एवढं मात्र खरं की हे ठामपणे सांगता येतं ते त्या काटेकोर प्रयोगांमुळेच. पाणीपुरवठ्याच्या मोर्चात हे आकडे आपण वापरले पाहिजेत.

म्हणूनच ‘संशोधनाला वस्तीत पाऊल टाकू देऊ नका’ ही आपल्यातल्या काही मैत्रिणींची भूमिका मला पटत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, हे बायका एकमेकींना पिढ्यान्पिढ्या सांगत होत्या. आकडे आले तेव्हा जगाला ऐकू गेलं. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच धरलं जात होतं. प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदललं.

वर्तनबदलाच्या बाबतीतही प्रश्न बदलता येतो. झारखंड आणि ओरिसाच्या आदिवासी भागात, पश्चिम सिंहभूम, सराईकेला-खरसावां आणि केओंझर या तीन जिल्ह्यांत, ‘एकजूट’ ही संस्था आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांनी २००५ ते २००८ या काळात काम केलं. प्रशांत त्रिपाठी आणि निर्मला नायर हे ‘एकजूट’चे प्रवर्तक. सव्वादोन लाखांवर वस्तीचा हा भाग ३६ विभागांत वाटून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड झाली. १८ विभागांत बायकांचे गट दर महिन्याला बसत. बैठक चालवणारी बाई तिथलीच, नर्स किंवा डॉक्टर नव्हे. ती भाषण देत नसे. चित्रांचे पत्ते, गोष्टी, खेळ यांतून बायका आपल्याकडे बाळं आणि बाळंतिणी का दगावतात यावर बोलत. कोणता प्रश्न आधी घ्यायचा ते त्या ठरवत, उपाय त्या ठरवत, मग गावासमोर मांडत. कुठे अडीअडचणीचा निधी जमला, कुठे गाडीची सोय झाली, कुठे बाळंतपणासाठी स्वच्छ सामानाचे संच तयार झाले.

तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्के कमी झाले, शेवटच्या दोन वर्षांत तर ४५ टक्के. तिसऱ्या वर्षी बाळंतिणींमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही ५७ टक्के कमी दिसलं. २०१० साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गंमत अशी की सुधारणा मुख्यतः घरातल्याच वागण्यात झाली होती. बाळंतपण करणारीनं साबणानं हात धुणं हा त्यातलाच भाग. म्हणजे साबण तोच, पाणी तेच, पण इथे कुणी तिला सुपरअम्मा व्हायला सांगितलं नव्हतं. चौघीजणी बसून त्यांनीच ठरवलं होतं. नैराश्य का उतरलं असेल, हेही बचतगटाच्या बैठकीत बसलेल्या बाईला समजावून सांगावं लागणार नाही.

पण गट म्हणजे जादूची कांडी नव्हे. त्याच सुमारास, २००६ ते २००९ मध्ये, मुंबईत ‘स्नेहा’ ही संस्था, महानगरपालिका आणि तेच लंडनचं विद्यापीठ यांनी ४८ वस्त्यांत असाच प्रयोग केला. २०१२ साली निष्कर्ष आले. बाळंतपणातली काळजी आणि बाळांचे मृत्यू यांत गटांमुळे ठळक फरक पडला नाही. यश आलं नाही हे त्यांनी लपवलं नाही, हे विशेष. माझ्या मते यातला धडा स्पष्ट आहे. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीपासूनच दवाखान्यात होत होती. बायकांनी बदलायचं तेवढं बदललं होतं. दवाखान्याच्या दाराच्या आत काय होतं, ते वस्तीतल्या गटाच्या हातात नव्हतं. तिथे वर्तन बदलायला हवं होतं ते दुसऱ्याचं.

आणखी एक गोष्ट संमतीची. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेनं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसह गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा प्रकल्प राबवला. तो वर्तनबदलाचा अभ्यास नव्हता, पण आपल्याला शिकवून गेला. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशी समितीला मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. मात्र वसतिगृहातल्या अनेक आदिवासी मुलींच्या वतीनं आईबापांऐवजी वॉर्डननीच सह्या केल्या होत्या. ‘समा’सारख्या स्त्री-आरोग्य गटांनी हे उघडकीला आणलं, आणि २०१३ साली संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. हात धुण्याच्या अभ्यासात जीव जात नाही, म्हणून संमती कमी महत्त्वाची ठरते असं नाही. परकं माणूस तासन्‌तास मोरीकडे नजर लावून घरात बसणार असेल, तर नाही म्हणायचा हक्क त्या बाईला आहे. तो तिला आपल्या कार्यकर्तीच्या भिडेपोटी गमवावा लागता कामा नये. पंजाबच्या त्या गोळ्यांची गोष्ट इथे विसरू नका. भिडेनं दिलेला होकार माणसावरही अन्याय करतो आणि शास्त्राचंही नुकसान करतो.

तेव्हा असं पत्र आलं की सही करण्याआधी पुढचे प्रश्न लेखी विचारावेत, आणि उत्तरंही लेखी मागावीत :

१. हा प्रश्न कुणी ठरवला? वस्तीतल्या बायकांशी बोलून तो बदलायची तयारी आहे का? नसेल, तर आपण फक्त सर्व्हेची माणसं पुरवतो आहोत, हे ओळखावं.

२. बाईशिवाय आणखी कुणाचं वर्तन मोजलं जाणार? नवऱ्याचं, दवाखान्याचं, पाणीपुरवठा खात्याचं काय?

३. तुलनेसाठी ठेवलेल्या गावांना काय मिळणार, आणि कधी? ‘एकजूट’च्या प्रयोगात गावातल्या आरोग्य समित्या बळकट करण्याचं काम दोन्हीकडच्या विभागांत झालं होतं. म्हणजे हे करता येतं.

४. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवता येईल असं आहे का? कुठल्या नैतिकता समितीनं अभ्यास मंजूर केला? आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समजेल अशा भाषेत माहिती मिळणं आणि कधीही अभ्यासातून बाहेर पडता येणं हा सहभागी व्यक्तीचा हक्क आहे. २०१९ च्या नियमांनुसार अशा समित्यांना सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नये.

५. बैठकांना बसणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी, आशाताईचा वाढलेला व्याप, आपल्या कार्यकर्तीचे पाय झिजणं, याचा मोबदला अंदाजपत्रकात कुठे आहे?

६. निष्कर्ष आधी कुणाला कळणार? इंग्रजी नियतकालिकाला की ज्या वस्तीनं ते दिले तिला? अपयश आलं तरी ते छापणार का? आणि लेखावर नावं कुणाकुणाची येणार?

यातल्या एखाद्या प्रश्नाला उत्तर आलं नाही म्हणून लगेच नकार द्यावा असं मी म्हणत नाही. पण पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर पैसे कितीही असोत, सही करू नये. विद्यापीठांकडे पैसे आहेत, मोजण्याची विद्या आहे. आपल्याकडे बायकांचा विश्वास आहे, आणि तो कुठल्याही देणगीदाराला विकत घेता येत नाही. सौदा करायची वेळ आली तर आपण कमजोर बाजूला नाही, हे आधी आपल्याला पटायला हवं.

ज्या संघटनांनी अशा अभ्यासात काम केलं आहे त्यांनी आपले करारनामे, त्यातल्या अटी आणि आलेले अनुभव एकत्र ठेवले, तर सगळ्यांसाठी एक नमुना करारनामा मराठीत तयार करता येईल. पुढच्या वेळी पत्र आलं की तो पाकिटात घालूनच उत्तर पाठवावं.